अकराव्या दाराची पोथी

तानुबाईंच्या कादंबरीचा शेवट कुणालाच पटला नाही. पटला नाही म्हणणंही जास्तच झालं. तो शेवट आहे हेच पुष्कळांना कळलं नाही. धुळ्याच्या एका वाचनालयात वाचकांच्या अभिप्रायांची वही सुतळीनं टेबलाला बांधलेली असे. पुस्तक कपाटात जाऊन महिना झाला नाही तोच वहीत पहिला शेरा पडला : ‘अकरा दारांचा डोंगर. शेवटची पाने गहाळ. व्यवस्थापकांनी लक्ष घालावे.’ व्यवस्थापकांनी घातलं. प्रत छापखान्यात परत आली, आणि छापखान्याचे मालक अभिमननाना ती बगलेत मारून थेट तानुबाईंच्या खोलीवर हजर झाले.

“बाई, खरं सांगा. मजकूर तुमच्याकडे राहिला, की माझ्या खिळे जुळवणाऱ्यानं खाल्ला?”

“कुणी खाल्ला नाही. तेवढाच आहे.”

नानांनी शेवटचं पान डोळ्यांजवळ नेलं आणि मोठ्यानं वाचलं. “‘कुठं जायचं?’ दारानं विचारलं. ‘ठरवलेलं नाही,’ सोनकी म्हणाली. आणि दार उघडलं.” त्यांनी पान उलटलं. पुढे कोरं. “मग?”

“मग काही नाही. दार उघडलं.”

“अहो, पण आत काय होतं?”

“आत नाही नाना, बाहेर. ती डोंगरातून बाहेर पडते.”

“बरं, बाहेर. बाहेर काय होतं?”

तानुबाई तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या आणि असल्या प्रश्नांची उत्तरं त्यांच्या जिभेवर तयार असत. “ते वाचणारीनं ठरवायचं,” त्या म्हणाल्या.

“वाचणारीला ठरवता आलं असतं तर तिनं पुस्तक कशाला हातात धरलं असतं?” नाना म्हणाले, आणि जिना उतरून गेले. हे १९२८ साल.

तानुबाई पांझरेकाठच्या एका शेतकरी घरातल्या. नवव्या वर्षी लग्न झालं, बाराव्या वर्षी मानमोडीच्या साथीत नवरा गेला. त्याचं तोंड त्यांनी दोनदाच पाहिलं होतं, त्यातलं एकदा अंतरपाट खाली आला तेव्हा. वडील सभांना जाणारे, तापट. पोर चुलीपुढे म्हातारी होण्यापेक्षा चार पोरींना शिकवील, असं म्हणून त्यांनी भावकीशी वैर घेतलं आणि तिला पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात धाडलं. तिथून त्या आल्या त्या धुळ्याच्या मुलींच्या शाळेत मास्तरीण होऊन. माडीवर एक खोली, एक खाट, पुस्तकांची एक पेटी. बायका म्हणत, बाईंचं बरं आहे. उपाशी नव्हत्या, मार खात नव्हत्या, तेव्हा बरंच म्हणायचं.

कादंबरी झाली ती मधल्या सुट्टीत. चौथीच्या मुली भाकरीची फडकी सोडून बसल्या की तानुबाई गोष्ट सांगत. सातपुड्याच्या पायथ्याची सोनकी नावाची म्हशी चारणारी पोर हरवलेलं पारडू शोधत डोंगरात शिरते. डोंगराला अकरा दारं. एकेका दारात एकेक वर्ष जातं आणि दार एकेक वस्तू मागून घेतं. पहिल्याला बांगड्या, दुसऱ्याला बाहुली, पुढे अंधाराची भीती, मग आईची हाक, मग स्वतःचं नाव. नाव दिल्यावर ते परत कसं मिळवायचं, यात तीन दारं जातात. पारडू पाचव्या दारातच सापडतं, पण तोवर त्याची म्हैस झालेली असते आणि ती सोनकीला ओळखत नाही. पोरी या ठिकाणी रडत. एक मात्र रडत नसे, ती विचारी, “मग?”

ही जमना. जुन्या धुळ्यातल्या लोटनआबांची मुलगी, दहा वर्षांची, केसांत तेलाचा पत्ता नाही, पाटीवर मात्र अक्षर असं की पुसायला हात धजू नये. बाकीच्यांना गोष्ट ऐकायची असे, हिला पुढची हवी असे. “बाई, म्हशीनं ओळखलं नाही. मग? परत गेली की पुढे गेली? मंग काय व्हयनं?” तिच्या या ‘मग’मुळे पाच दारांची गोष्ट अकरा दारांची झाली. सगळ्या मुलींचं कल्याण वगैरे तानुबाई सभेत बोलत. मनातून त्यांना एकच पोर हवी होती. जमनानं सातवी पास व्हावं, पुण्याला जावं, आपल्यामागे या जिल्ह्यात आपल्यासारखी आणखी एक असावी. एवढंच. एवढ्यासाठी त्यांनी दिवाळीच्या सुट्टीत बसून गोष्ट लिहून काढली, आणि नानांनी तिच्या पाचशे प्रती छापल्या.

प्रतिक्रिया यायच्या तशा आल्या. पुण्याच्या एका मासिकानं लिहिलं की भाषा शुद्ध आहे, परंतु बोध काय घ्यावा ते कळत नाही. शाळा तपासायला आलेल्या साहेबांनी पुस्तक चाळून सांगितलं की सातपुड्यात अकरा दरवाज्यांचा डोंगर नाही, मुलांच्या भूगोलात गोंधळ होईल. वाचनालयाच्या वहीत एका वकिलांनी जांभळ्या शाईत अर्धं पान भरलं : ‘नायिका एकवीस वर्षांची होते तरी तिच्या मनात विवाहाचा विचार येत नाही, हे अस्वाभाविक.’ त्याखाली कुणीतरी पेन्सिलीनं ‘म्हैस छान’ असं लिहिलं होतं. तानुबाईंना त्यातल्या त्यात तो अभिप्राय बरा वाटला. बाकी पुस्तक पडून राहिलं. वर्षभरात साठ प्रती गेल्या, त्यातल्या वीस वडिलांनी नेल्या आणि भावकीत वाटल्या.

जमनाला त्यांनी एक प्रत स्वतःच्या हातानं दिली होती. सगळं झालं ते त्या प्रतीमुळे.

जमनाची आई भिकुबाई हिला वाचता येत नव्हतं. तिच्या हिशेबी छापलेली वस्तू दोनच प्रकारची : एक सरकारी कागद, दुसरी पोथी. सरकारी कागद मोठ्यानं वाचून कुणी बायकांना ऐकवत नाही. तेव्हा जमना ओट्यावर बसून आईला आणि शेजारणींना वाचून दाखवते ती पोथीच. मग तिला जमिनीवर कशी ठेवायची? भिकुबाईनं पुस्तक लाल फडक्यात गुंडाळलं, पाटावर ठेवलं, चार तांदूळ वाहिले. तो १९२९ सालच्या श्रावणातला मंगळवार होता. त्या दिवशी पहिलं दार वाचून झालं, आणि संध्याकाळी शेजारच्या सखूची तीन दिवस हरवलेली म्हैस आपल्या पायांनी परत आली.

दुसऱ्या दिवशी भिकुबाई शाळेच्या फाटकाशी आली. पदर डोक्यावरून ओढलेला, चेहरा फुललेला. “बाई, पोथी जागृत शे! सखूनी म्हैस तीन दिननी गयेल व्हती. पहिलं दार ऐकं आनि सांजले दारशी उभी!”

तानुबाई हसल्या. खेड्यातल्याच त्या, त्यांना यात नवल वाटलं नाही. “म्हैस भुकेली झाली असेल, भिकुबाई.”

“भुकेली तर पहिल्या दिनले पन व्हती,” भिकुबाई म्हणाली.

पुढच्या मंगळवारी ओट्यावर पंधरा बायका होत्या, त्याच्या पुढच्या मंगळवारी चाळीस. दाराला एक मंगळवार, असे अकरा मंगळवार. सोनकी दाराशी काही सोडते म्हणून बायकाही सोडू लागल्या : एका आठवड्यात मीठ, एका आठवड्यात फणी, एका आठवड्यात कुणाशी भांडण. पाचव्या दाराला म्हशीला गूळ खाऊ घालायचा. फळ काय? उपवर पोरीला चांगलं घर. हे फळ कुणी ठरवलं, कुणाला ठाऊक. सोनकी बाहेर पडते म्हणजे घरातून बाहेर पडते, पोर घरातून बाहेर पडते ती एकाच कारणानं. यात बायकांना शंका घ्यायला जागाच दिसली नाही.

आणि तानुबाईंनी काय केलं? पहिल्यांदा त्यांना आनंदच झाला. खोटं कशाला सांगा! नाना धावत येऊन सांगू लागले, “बाई, खेड्यांतून माणसं येतायत, अकरा दारांची पोथी द्या म्हणतात, सगळ्या प्रती गेल्या!” तेव्हा त्यांना वाटलं, मासिकवाले गेले खड्ड्यात, माझी माणसं वाचतायत. वाचत नव्हती, पूजत होती. पण चाळीस बायका सोनकीचं नाव घेतात एवढ्यावर त्या खूश होत्या. त्यांनी जमनाला मंगळवारी लवकर सोडायला सुरुवात केली. एवढंच नाही, बायकांपुढे कसं वाचायचं तेही तिला शिकवलं. “धावू नकोस. दाराशी आलीस की थांब. श्वास घे. त्यांना वाट पाहू दे, मग दार उघड.” जमनाचा आवाज मुळात गोड, तो तानुबाईंच्या हाताखाली असा तयार झाला की नाना स्वतः येऊन ऐकून गेले आणि दुसऱ्या आवृत्तीवर त्यांनी तांबडं-पिवळं वेष्टण घातलं.

सातव्या मंगळवारी पिंपळनेरच्या ताईबाई कुणाकडे पाहुण्या आलेल्या. त्या ओट्यावर बसल्या, त्यांनी जमनाचा आवाज ऐकला, आणि उठताना भिकुबाईचा हात धरला. “आमना घर कोनलेच वाचता येत नही. पोर पोथी वाचस कशी, देवघरमा घंटा वाजस तशी. अशी वहू जोयजे.”

त्या वर्षी आणखी एक गोष्ट होती. येत्या चैत्राच्या आत-बाहेर सरकारचा नवा कायदा लागू होणार होता, चौदा वर्षांखालच्या मुलीचं लग्न लावलं तर शिक्षा. पुण्यामुंबईकडे त्यासाठी सभा झाल्या, तानुबाईंनीही धुळ्यातून सह्या गोळा केल्या होत्या. त्याचा परिणाम असा झाला की घरोघर बारा-तेरा वर्षांच्या पोरींची लग्नं माघ-फाल्गुनात उरकून घ्यायची घाई सुटली. जमना अकरा संपून बाराव्यात होती.

ताईबाईंच्या घरी जमनाचं लग्न ठरतंय हे तानुबाईंना कळलं तेव्हा दहा दारं झाली होती. त्या तडक लोटनआबांच्या घरी गेल्या. आबा ओट्यावर बैलाची घुंगूरमाळ ओवत बसले होते. माणूस वाईट नव्हता. त्यांनी ऐकून घेतलं, बाईंना पाणी दिलं, आणि मग माळेतून नजर न काढता म्हणाले, “बाई, राग नका मानजात. तुम्ही इतलं शिकन्यात, पुने गयात. तुम्हले काय भेटनं? येक खोली नि येक घासलेटनी चिमनी.”

“मला माझं पोट भरता येतं, आबा.”

“पोट तर कुत्रंबी भरस,” आबा म्हणाले, आणि लगेच जीभ चावून हात जोडले. शब्द मात्र जायचा तिथं गेला होता.

अकराव्या मंगळवारच्या आदल्या दिवशी शाळा सुटल्यावर जमना वर्गात थांबली.

“बाई, उद्या अकरावं दार.”

“माहीत आहे. आणि उद्या ताईबाई होकार द्यायला येणार तेही माहीत आहे. तुझं काय म्हणणं?”

जमनानं पाटीची चौकट नखानं खरवडली. “बाई, सोनकी बाहेर पडल्यावर कुठं गेली?”

“पुस्तकात आहे तेवढंच आहे.”

“पुस्तकात नाही म्हणून तर विचारते. आई म्हणते, बाहेर घोड्यावर राजपुत्र उभा असतो. मी म्हटलं, बाईंनी तसं नाही लिहिलं. आई म्हणाली, मग कसं लिहिलं? मला सांगता आलं नाही.”

“तुला काय वाटतं, बाहेर काय असावं?”

“मला कसं ठाऊक? मी कुठं गेले कधी? तुम्ही पुण्याला गेलात. तुम्ही सांगा ना.”

तानुबाईंच्या तोंडाशी बरंच आलं. वसतिगृहाच्या घंटा आल्या, विधवांच्या रांगेतलं जेवणाचं ताट आलं, माडीवरची खोली आली. यातलं एकही त्यांना सोनकीपुढे उभं करावंसं वाटलं नाही. दुसरं काही त्यांच्यापाशी नव्हतं. ते आपल्यापाशी नाही म्हणून आपण शेवट तिथं तोडला, वाचणारीवर सोपवणं वगैरे नंतर सुचलेलं, हे त्यांना त्या बाकापाशी उभं असताना कळलं. कळून उपयोग काय? बारा वर्षांची पोर उत्तराची वाट पाहत होती आणि बाईंना ते येत नव्हतं.

“उद्या छापलंय तेवढंच वाच,” त्या म्हणाल्या. “‘ठरवलेलं नाही.’ एवढं वाचायचं आणि पुस्तक मिटायचं. पुढचं मी बोलते. तुझ्या आबांशी, ताईबाईंशी, सगळ्यांशी. ऐकलंस?”

“बरं,” जमना म्हणाली.

उद्यापनाला लोटनआबांच्या अंगणात मांडव घातला होता. खापरावर मांडे भाजले जात होते. अकरा सुवासिनींचे पाट मांडले होते, त्यांची ओटी भरायची होती. तानुबाईंना बोलावणं होतं, मानाचं होतं, फक्त बसवलं होतं ओट्याच्या कडेला, दाराच्या चौकटीशी. हळदकुंकवाचं तबक फिरत फिरत आलं आणि त्यांच्या गुडघ्यापासून वळून पुढच्या बाईकडे गेलं. त्यात भिकुबाईचा काही दुष्टपणा नव्हता. तबक वळवताना ती ओशाळं हसली, इतकंच.

जमना नव्या लुगड्यात पाटावर बसली होती. पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर अकरा आठवड्यांच्या हळदीकुंकवाचा असा थर होता की नाव दिसत नव्हतं. तिनं वाचायला सुरुवात केली. काय वाचली ती पोर! सोनकी शेवटच्या बोळात येते, तिच्याकडे द्यायला काही उरलेलं नाही, दार काही मागतही नाही, फक्त विचारतं. तिथं जमना थांबली, शिकवल्याप्रमाणे. श्वास घेतला.

“‘कुठं जायचं?’ दारानं विचारलं. ‘ठरवलेलं नाही,’ सोनकी म्हणाली. आणि दार उघडलं.”

तानुबाई चौकटीला हात देऊन अर्ध्या उठल्या.

जमनानं पान उलटलं आणि वाचत राहिली. “बाहेर चांदीच्या झुलीचा घोडा उभा होता. घोड्यावर राजपुत्र होता. त्याच्या हातात माळ होती…” तिचं बोट कोऱ्या पानावरून डावीकडून उजवीकडे सरकत होतं, कडेला पोचलं की परत येऊन खालची ओळ धरत होतं. राजपुत्रानं सोनकीला माळ घातली. सोनकीला घर मिळालं, दार मिळालं. सोनकीची माय सुखी झाली, ऐकणारीची माय सुखी होवो, सांगणारीचं तोंड गोड होवो. जमनानं पुस्तक मिटून कपाळाला लावलं. वर पाहिलं नाही.

“हे पुस्तकात नाही!” तानुबाई म्हणाल्या. बायका वळल्या. “शेवटचं पान कोरं आहे. बघा ना कुणीतरी! हे पुस्तक मी लिहिलंय. ही पोथी नाही, गोष्ट आहे, मी रचलेली. सोनकी लग्न करत नाही.”

कुणी चिडलं नाही. चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. भिकुबाई जवळ आली आणि आजारी माणसाला समजवावं तशी म्हणाली, “लिखं तुम्हीच बाई, कोन नही म्हनस? पन सांगनारी कोन व्हती? देवीच ना?”

“कुणी सांगितलं नाही. मी माझ्या मनानं लिहिलं.”

“मनमा तरी कोन ऱ्हास?” भिकुबाई म्हणाली.

पाटांच्या रांगेतून एक म्हातारी शेजारणीला म्हणाली, मुद्दाम ऐकू जाईल इतक्या हळू, “जिनं कपाय पांढरं, तिना हाते देवीनी पोथी लिखाई लिधी! देवीनं मन मोठं शे, माय.” त्यावर दोघीतिघी माना हलवून हळहळल्या. ताईबाईंनी जमनाच्या तळहातावर नारळ ठेवला. मांडे वाढायला घेतले.

तानुबाईंनी जमनाकडे पाहिलं. ती पुस्तक फडक्यात बांधत होती, गाठ नीट बसेना म्हणून पुन्हा सोडून बांधत होती. बाईंनी ‘पुढचं मी बोलते’ म्हटलं होतं. त्या बोलल्या होत्या. झालं.

माघात लग्न लागलं. भिकुबाई पेढे घेऊन माडीवर आली, पायाला हात लावला आणि डोळे पुसत म्हणाली, “तुमनी पोथीनी मन्ही आंडेरनं, मन्ही पोरनं सोनं कयं.” कादंबरीबद्दल एवढ्या मनापासून कुणी त्यांचे आभार मानले ते त्या एकाच वेळी. पेढे दोन दिवस तसेच राहिले, मग मुंग्या लागल्या.

त्यानंतर तानुबाईंनी लिहिलं नाही. नाना एकदा येऊन गेले, म्हणाले, “बाई, शनिवारची एक द्या, साडेसाती उतरवणारी. हातोहात जाईल.” बाईंनी दार लावून घेतलं. दोन वर्षांनी बदली होऊन त्या जळगावला गेल्या, पिंप्राळ्यात खोली घेतली. मुली येत, चौथीत गळत, पाचवीत गळत. ज्या टिकत त्यांच्यात जीव गुंतवायचा नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं आणि पाळलंही. चांगल्या मास्तरीण होत्या, कडक होत्या, मधल्या सुट्टीत वह्या तपासत. एदलाबादला मुक्ताबाईच्या यात्रेत एकदा त्यांना फुलांच्या दुकानात एक चोपडं दिसलं : अकरा दारांची कहाणी, आठ पानांची. लिहिणारीचं नाव नव्हतं. राजपुत्र होता, चांदीची झूलही होती. म्हैस गाळली होती.

१९४६ सालच्या थंडीत प्रौढ बायकांच्या साक्षरता वर्गांची पाहणी करायला त्यांना पश्चिम भागात पाठवण्यात आलं. पिंपळनेरला मोटारीतून उतरल्या. तिथल्या मास्तरांनी निरक्षर बायकांची यादी पुढे केली. चौदावं नाव जमनाबाईचं, सासू ताईबाई, माहेर जुने धुळे.

“ही चूक आहे,” तानुबाई म्हणाल्या. “ही पाचवीपर्यंत शिकलेली आहे.”

“मी स्वतः विचारून लिहिलंय, बाई,” मास्तर म्हणाले.

दुपारी त्या घर विचारत गेल्या. ओट्यावर आठदहा बायका शेंगा फोडत बसल्या होत्या. मंगळवार होता. मधोमध पाटावर अठ्ठावीस वर्षांची, दिसायला चाळिशीची एक बाई ते आठ पानी चोपडं धरून वाचत होती. आवाज मात्र तोच. दाराशी थांबत होती, श्वास घेत होती. तानुबाई खांबाशी उभ्या राहिल्या. बोट ओळींवरून फिरत होतं, पण छापलेल्या ओळी वेगळ्या होत्या आणि तोंडातले शब्द वेगळे. चोपड्यात नसलेली म्हैस आली, पाचव्या दाराशी, आणि तिनं सोनकीला ओळखलं नाही. अख्खं पुस्तक ती पोर पाठ म्हणत होती, अठरा वर्षांपूर्वीचं, तानुबाईंचं शब्द न् शब्द. “‘ठरवलेलं नाही,’ सोनकी म्हणाली. आणि दार उघडलं.” आणि श्वासही न घेता, “बाहेर चांदीच्या झुलीचा घोडा उभा होता.”

वाचन संपल्यावर जमनानं त्यांना ओळखलं. घाईघाईनं उठली, पाया पडली, पाणी आणलं. रडली थोडं. भिकुबाई गेल्याचं सांगितलं. तानुबाईंनी पिशवीतून वही काढली, एक ओळ लिहिली आणि पुढे धरली. “वाच.”

जमनानं वहीकडे पाहिलं, मग बाईंकडे. हसली. “नही येत आते, बाई. गयं ते. आठे कागद तरी कोठे येस घरमा? पह्यले ‘माय’ इतलं तरी वाचता ये. आते तेबी नही.”

“अगं, तू सगळं पुस्तक म्हटलंस आत्ता!”

“माले बठ्ठं पाठ शे. वाचाले कशाले जोयजे?”

“मग शेवट तो का म्हणतेस? माझा शेवट तुला पाठ आहे. तिथं थांबत का नाहीस?”

जमनानं शेंगांची टरफलं सुपात गोळा केली. राग नव्हता तिच्यात, तक्रारही नव्हती. “तुमनी पोथीमा शेवट कोठे व्हता, बाई? मी तुम्हले विचारं ना त्या दिनले. तुम्ही सांगा नही. मायनी सांगा, तोच मी धरा.”

तानुबाईंनी वही मिटली.

जमनाच्या मागे दहाएक वर्षांची मुलगी बसली होती, केसर. हे मंगळवार तिच्यासाठीच धरले होते. साऱ्या वाचनभर ती तिथंच होती, डोळे मोठे, जमनासारखेच. “शाळेत जाते का?” तानुबाईंनी विचारलं. जमनानं मान हलवली, शाळा लांब पडते, शिवाय धाकटं सांभाळायला कोण? तानुबाई खाली बसल्या, पोरीच्या समोर, गुडघे दुखत असून. पोरगी काहीतरी म्हणेल असं त्यांना वाटलं. घोडा आला, माळ घातली, मग? म्हशीनं ओळखलं नाही, मग? त्यांनी वाट पाहिली, जमनाला शिकवलं होतं तशी.

केसरनं काहीच विचारलं नाही. सुपातल्या शेंगा पुढे ओढल्या आणि फोडायला लागली.